प्वेझानीहून सगळ्या जगाला

नियोजन म्हणजे काय हे अख्ख्या किल्वात फक्त एका माणसाला कळतं, असं नासोरो चांडे यांचं ठाम मत होतं. तो माणूस त्यांना रोज सकाळी दाढी करताना आरशात दिसायचा.

तीस वर्षं टांझानियाच्या टेलिफोन खात्यात काढलेली. निवृत्त झाल्यावर बाकीची माणसं मशिदीच्या ओट्यावर बसून बाओ खेळतात. यांनी घराच्या छपरावर तारा ताणल्या आणि हौशी रेडिओवरून जगाशी बोलायला सुरुवात केली. आता हे हौशी रेडिओवाले म्हणजे एक वेगळीच जमात. यातल्या प्रत्येकाला जगातल्या प्रत्येक बेटाशी निदान एकदा तरी बोलायचं असतं. बोलायचं म्हणजे काय? तू मला ऐकलंस, मी तुला ऐकलं, वहीत नोंद झाली, पोस्टाने कार्ड पाठव, संपलं! बेटावर माणूसच राहत नसेल, तर कोणीतरी सामानसुमान घेऊन तिथे जायचं, तंबू ठोकायचा आणि चार दिवस दुनियेच्या नोंदी करत बसायचं.

किल्वासमोरच्या समुद्रातल्या प्वेझानी बेटावरून आजवर कोणी बोललेलं नव्हतं. त्याला कारणही होतं. प्वेझानीवर पाणी नाही, सावली नाही, फोनला रेंज नाही, आणि खेकडे सोडले तर आल्यागेल्याची विचारपूस करायला कोणी नाही.

"सोमवारी जाणार, शुक्रवारी दुपारी परत," नासोरोंनी जाहीर केलं.

"शुक्रवारी झुहुराचा निकाह आहे," त्यांची बायको सिवेमा म्हणाली.

"असरच्या नमाजानंतर. म्हणजे दुपार उतरल्यावर. मी त्याच्या तासभर आधी घरात!"

"झुहुराचे बाबा, दोनदा तारीख पुढे ढकललीय. एकदा तुमची ती रेडिओची स्पर्धा होती म्हणून. दुसऱ्यांदा तुमचा तो तारांचा खांब मांडवावर पडला म्हणून. शुक्रवारी संध्याकाळी चंद्र दिसला की शनिवारपासून रोजे. मग महिनाभर लग्नाचं नाव काढायचं नाही. नवऱ्याकडचे तिसऱ्यांदा थांबायचे नाहीत, आणि मी तर मुळीच थांबायची नाही! बापाशिवाय निकाह लागत नाही म्हणून सांगते. नाहीतर चार दिवस कशाला, चाळीस दिवस जा!"

झुहुरा कामावर निघाली. ती दवाखान्यात नर्स होती. इंग्रजी, स्वाहिली, दोन्हींत रोग्यांना गप्प करायची, पण बापापुढे औषध चालत नाही हे तिला लहानपणीच कळलं होतं.

तर नियोजन! चौसष्ट वस्तूंची यादी झाली. नियमांचा तक्ता झाला. पहिला नियम: वेळ फक्त रेडिओची. रेडिओवाल्यांचं घड्याळ सगळ्या जगाचं एकच असतं, आपल्या घड्याळाच्या तीन तास मागे. सवय व्हावी म्हणून नासोरोंनी आठवडाभर आधीच मनगटावरचं घड्याळ त्या वेळेला लावलं. दुसरा नियम: घरगुती गप्पा बंद.

सोबतीला डोंगरातल्या म्बेयाचे किपालिला मास्तर. भौतिकशास्त्र शिकवायचे, समुद्र आजवर फक्त बसच्या खिडकीतून पाहिलेला. कोम्बो नाखव्याने सोमवारी दोघांना बेटावर उतरवलं तेव्हा मास्तरांचा रंग कच्च्या आंब्यासारखा झाला होता.

"शुक्रवारी नऊला न्यायला ये," नासोरोंनी घड्याळात बघून बजावलं.

"नऊला?" कोम्बोने आकाशाकडे पाहिलं. "तुमच्या घरी त्या दिवशी काहीतरी..."

"नऊ म्हणजे नऊ! माझं सगळं आखलेलं असतं. प्रत्येक गोष्टीत शंका काढायची नाही."

"बरं," कोम्बो म्हणाला आणि शीड सोडून निघून गेला.

मंगळवारी सकाळी नासोरोंनी पहिली हाक दिली आणि तीस देश एकदम अंगावर आले. बाजारात एकच मोठा मासा आणि चारशे गिऱ्हाइकं, असा गलका! नासोरो त्यातून एकेकाला वेचून उत्तर द्यायचे: "पाच नऊ, आभार, पुढचा!" पाच नऊ म्हणजे आवाजाला पूर्ण गुण. पलीकडचाही म्हणायचा, "पाच नऊ!" आणि गायब. माणशी चार सेकंद.

"पण काका, याचं तर काही ऐकूच आलं नाही," मास्तर म्हणाले.

"पाच नऊच द्यायचे. रिवाज आहे."

"असे गुण मी नववीत दिले तर हेडमास्तर मला हाकलतील."

त्या गलक्यात एक बारीक, चिडका आवाज सारखा बाकीच्यांवर खेकसत असायचा. "रांगेत या! त्याला बोलू द्या, गाढवांनो!" असा एक स्वयंघोषित हवालदार प्रत्येक ठिकाणी असतोच. "दुर्लक्ष करा मास्तर," नासोरो म्हणाले. गुरुवारी संध्याकाळपर्यंत वहीत चार हजार दोनशे नोंदी झाल्या आणि नासोरोंची छाती शर्टात मावेना.

शुक्रवारी दुपारी बारापर्यंत सगळं सामान बांधून तयार. उघडा फक्त रेडिओ आणि त्याची बॅटरी. नासोरोंच्या घड्याळात नऊ वाजले. होडी नाही. साडेनऊ. होडी नाही. दहा वाजले तेव्हा त्यांना घाम फुटला.

"किल्वाला रेडिओवर कळवा ना," मास्तर म्हणाले. "तुमचा तो पोस्टातला रेडिओवाला मित्र आहे की."

"किल्वा ऐकू येत नाही."

"जपान ऐकू येतं आणि समोरचं किल्वा नाही?"

"आपला आवाज वर आकाशात जातो आणि तिकडून उडी मारून लांब खाली पडतो. किल्वा मधल्या मध्ये राहतं."

"हो, हे मीच शिकवतो," मास्तर खिन्नपणे म्हणाले. "पटलं मात्र आज."

नासोरोंनी दुसरा नियम मोडला. आयुष्यात पहिल्यांदा! "सर्वांना विनंती! आम्ही बेटावर अडकलोय, होडी आलेली नाही. कोणीतरी टांझानियाला एक फोन करा!"

"पाच नऊ!" ओसाका म्हणालं. "आभार!"

"अहो, माझ्या मुलीचं लग्न आहे आज! झुहुराचं!"

"पाच नऊ, झुहुरा!" फिनलंडचा म्हणाला. "आवाज फार छान आहे तुमचा. शुभेच्छा!"

"मी झुहुरा नाही! मी बाप आहे! माझ्याशिवाय निकाह लागणार नाही!"

"या बेटासाठी वीस वर्षं थांबलो होतो," ब्राझीलचा गहिवरून म्हणाला. "देव तुमचं भलं करो. पाच नऊ!" आणि गेला.

हॅम्बुर्गचा एकजण मात्र थांबला. "तुम्ही आज फार सावकाश चाललाय. मागे चारशे माणसं खोळंबलीत. गप्पा मारायच्या असतील तर दुसरीकडे मारा." तोही गेला.

नासोरो कपाळावर हात मारत होते आणि दुसऱ्या हाताने लिहीत होते.

"काका, काय लिहिताय?"

"नोंदी. झाल्यात ना!"

शेवटी त्यांचा बांध फुटला. "गप्प बसा!" ते माइकमध्ये ओरडले. "सगळेच्या सगळे गप्प बसा! चार हजार माणसांशी बोललो मी, आणि एक जण ऐकेल तर शपथ! माझी झुहुरा मांडवात बसलीय आणि मी इथे खेकड्यांत!"

दोन सेकंद शांतता पसरली. आणि त्या शांततेत तो बारीक, चिडका आवाज आला.

"झुहुरा तुमची मुलगी. असरनंतर निकाह. तुम्ही तिचं नाव अकरा वेळा घेतलंत, पण ही गाढवं ऐकतील तर ना! फोन नंबर सांगा."

हा ब्रिंडिसीचा एर्मानो. मंगळवारपासून हाका मारत होता. शेजाऱ्यांनी छपरावर तार लावू दिली नाही म्हणून बाल्कनीच्या कठड्याला तार गुंडाळलेली, त्यामुळे आवाज इतका मरतुकडा की त्याचा नंबरच लागत नव्हता. नंबर लागलेले सगळे निघून गेले होते. हा एकटा चार दिवस बसून ऐकत होता. नासोरोंना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी नंबर सांगितला आणि घाईघाईने म्हणाले, "तुम्हाला पाच नऊ, भाऊ!"

"थापा मारू नका. खरे गुण सांगा."

"तीन दोन," नासोरोंनी कबूल केलं.

"आभार!" एर्मानो म्हणाला. त्याला खरोखरच आनंद झालेला दिसला.

दहा मिनिटांनी तो परत आला. "तुमच्या बायकोने फोन घेतला. मला भाषा कळली नाही, पण माझंही लग्न झालंय, सूर कळला. मग मुलगी बोलली. होड्या निघाल्यात."

निघाल्या म्हणजे कशा! इटलीहून फोन आला म्हणजे काहीतरी भयंकर झालंय, असं अख्ख्या किल्वाने ठरवलं. पाच मोटारबोटी सुटल्या. नवरा मुलगा हेमेदी लग्नाच्या पायघोळ कांझूतच बोटीत बसला, त्याचा काका बसला, वऱ्हाडातले धट्टेकट्टे बसले. "शेखसाहेबांनाही घ्या, काही सांगता येत नाही," असं कोणीतरी म्हणालं, म्हणून शेख मसेलेम निकाहाच्या रजिस्टरासकट बसले. पावणेतीनला ही सगळी वरात सुसाट येऊन थेट प्वेझानीच्या वाळूवर चढली. नासोरो धडधाकट आहेत हे पाहून सगळ्यांचा जरासा हिरमोडच झाला.

तीनच्या ठोक्याला कोम्बोचं शीड दिसलं. त्याने लांब खोल पाण्यात नांगर टाकला आणि गुडघाभर पाण्यातून शांतपणे चालत आला.

"एवढी गर्दी कसली?"

"नालायका!" नासोरो धावले. "नऊला ये म्हटलं होतं ना!"

"नऊच वाजलेत."

सगळ्यांनी वर सूर्याकडे पाहिलं. सकाळी सहाला दिवस उगवल्यापासून नववा तास. किल्वात घड्याळ असंच मोजतात, शेंबड्या पोरालाही ते कळतं.

"पण नऊ तर मघाशीच वाजले!" नासोरोंनी मनगट पुढे केलं. "हे बघा, माझ्या घड्याळात बारा वाजलेत!"

"ते दिसतंच आहे," हेमेदीचा काका म्हणाला.

कोम्बोने वाळूत रुतलेल्या पाच बोटींकडे पाहिलं. "ओहोटी लागलीय. या आता मध्यरात्रीपर्यंत हलत नाहीत. माझ्या होडीने जायचं तर वारा उलटा. निघालो तरी पोचेपर्यंत अंधार पडेल."

अंधार पडल्यावर म्हणजे चंद्र दिसून गेलेला असणार! काकाचा चेहरा आंबला. "झालं! तिसऱ्यांदा! आम्ही काय रिकामटेकडे आहोत? चल हेमेदी, जगात दुसऱ्या मुली नाहीत काय?"

"मला दुसरी नकोय," हेमेदी म्हणाला. एवढ्या गर्दीत तो पहिल्यांदाच बोलला, आणि लगेच लाजला.

नासोरो मटकन वाळूत बसले. त्यांना रडू येत होतं आणि ते लपवायला बेटावर एक झाडही नव्हतं.

शेख मसेलेमांनी रजिस्टर उघडलं. "मुलीचा बाप आहे, नवरा आहे, साक्षीदार हवे तेवढे आहेत. निकाहाला नवरी समोर असावी लागत नाही. इथेच लावू. चटई आहे का?"

चटई होती. यादीत बेचाळिसावी. असरचा नमाज वाळूतच झाला. हेमेदी आणि नासोरो समोरासमोर बसले, नासोरोंनी जावयाचा हात हातात घेतला.

"मुलीची संमती घेतलीय ना?" शेखसाहेबांनी विचारलं.

नासोरोंनी काकाकडे पाहिलं. काकाने हेमेदीकडे पाहिलं. संमती विचारायची असते बापाने, त्याच दिवशी. बाप बेटावर होता, आणि बापाला आणायला बाकीचे बेटावर आले होते.

"म्हणजे कोणीच विचारलं नाही?"

कोणीच विचारलं नव्हतं. शेखसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. नासोरो उठून रेडिओकडे पळाले.

"एर्मानो! भाऊ! अजून एकदा फोन करा. झुहुराला विचारा, हेमेदीशी लग्न कबूल आहे का!"

"मी विचारू?" एर्मानोचा आवाज पहिल्यांदाच नरमला. "थांबा. टाय लावतो."

आणि मग नुसती खरखर. चारशे स्टेशनं ऐकत होती, एकही "पाच नऊ" म्हणालं नाही. "कोणीही मध्ये बोलू नये," हॅम्बुर्गवाला तेवढं एकदा दरडावून गेला. पाच मिनिटं खरखर. दहा मिनिटं खरखर. बॅटरीचा दिवा मिणमिणायला लागला.

"मुलगी गप्प आहे," काका अधीरपणे म्हणाला. "नवरी गप्प राहिली तर ती संमतीच असते. लिहा, शेखसाहेब!"

"मुलगी गप्प आहे की इटली गप्प आहे, ते आधी कळू दे," शेखसाहेब म्हणाले.

इतक्यात आवाज आला. "मुलगी फोनवर आहे. माझ्या कानाशीच धरलाय."

"ती तीच आहे कशावरून?" शेखसाहेब पुढे सरसावले. "विचारा, माझ्याकडे कुराण शिकायला यायची तेव्हा माझं काय फोडलं?"

जरा वेळ गेला. "चष्मा. पण ती म्हणते, तिने फोडला नाही. तुम्ही स्वतःच त्यावर बसलात."

शेखसाहेब खाकरले. "तीच आहे. उत्तर सांगा."

"तिने शब्दशः सांगायला लावलंय," एर्मानो म्हणाला. एकेक शब्द स्वच्छ येत होता. बेटावर, ओसाकात, फिनलंडात, ब्राझीलमध्ये, सगळीकडे. "नवरा कबूल आहे. बापाबद्दल विचार करून कळवते."

शेखसाहेबांनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं रजिस्टरात लिहून घेतलं.