जानीआजीचा नंबर

चहा तिसऱ्यांदा गार झाला तरी पडद्यावरची लाल ओळ हलेना. 'सबक्वेरीने एकाहून जास्त ओळी दिल्या.'

शहापूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात संगणकाचं काम बघणारी दर्शना दुपारपासून त्या ओळीशी भांडत होती. डोळखांबकडच्या पाड्यावरच्या जानीआजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उद्या होतं. याआधी दोनदा तिची पाळी हुकली होती. संगणकावरून तिच्या नंबरावर निरोप गेला की मगच तिचं नाव आपोआप जीपवाल्याच्या यादीत चढणार. निरोप मात्र जात नव्हता.

"बंद करून चालू कर," दवाखाना सांभाळणारे अनिलसर म्हणाले.

"दोनदा केलं, सर."

"मग आता बंदच ठेव," म्हणत ते घरी गेले.

दर्शनाने क्वेरीचे, म्हणजे संगणकाला विचारलेल्या प्रश्नाचे, तुकडे करून एकेक चालवला. संगणक मोबाईल नंबरावरून माणूस शोधायचा. एका नंबराचा एकच माणूस असणार, हे प्रोग्राम लिहिताना तिनेच गृहीत धरलं होतं. जानीआजीच्या नंबरावर अख्खा पाडा निघाला. तिने दवाखान्याच्या फोनवरून तो नंबर फिरवला.

"बुध्या बोलतो."

"बुध्यादादा, सगळ्यांनी तुमचाच नंबर कसा दिला?"

"रेंज माझ्याच पडवीत येते ना, बाय. म्हंजे फोन सगळ्यांचाच."

"हो, पण संगणक अडतो. जानीआजीला दुसरा कुठला तरी नंबर द्या. नाहीतर जीप तिला घेणार नाही."

"असं हाय व्हय? थांबा, इचारून सांगतो."

थोड्या वेळाने त्याचा फोन आला. "घ्या लिवून. रेंज जात नाय असा नंबर हाय."

तो एकेक आकडा सांगत गेला आणि दर्शना पेंगुळल्या डोळ्यांनी टाइप करत गेली. निम्म्यावर आल्यावर तिची बोटं त्याच्या पुढे पळू लागली. उरलेले आकडे त्याने सांगायच्या आधीच पडद्यावर उमटले.

"दादा, हा माझा नंबर आहे."

"तुमचाच. डोळे तपासायच्या शिबिराच्या पाटीवर व्हता."

तिने बटण दाबलं. लाल ओळ गेली. जीपच्या यादीत जानीआजीचं नाव आलं आणि टेबलावर दर्शनाचा फोन वाजला: 'उद्या सकाळी जीप येईल. तयार राहा.'

"दादा, जानीआजीला सांगा, उद्या सकाळी जीप येईल."

"ती कवाची पिशवी भरून बसलीय."

दर्शनाने संगणक बंद करायला हात पुढे केला.

"आन बाय, हा नंबर चालला ना?"

"चालला."

"मग सगळ्या पाड्याला ह्योच टाका."