धूळ बसू नये म्हणून

मशीनवरचा दिवा आजही लालच होता. नानांनी मशीनला दोन थापट्या मारून पाहिल्या. दिवा लालच राहिला, आणि आतल्या खोलीत माई खोकत राहिल्या.

घरासमोर पुलाचं काम सुरू झालं तसा माईंच्या छातीनं असहकार पुकारला होता. मुलीनं लगेच हवा शुद्ध करणारं मशीन पाठवलं. ते रात्रंदिवस घरघरत होतं, तरी हिवाळ्यात दोनदा इस्पितळाची वारी झाली. पहिल्या खेपेला बचत गेली, दुसऱ्या खेपेला मुदतठेव मोडली. शेवटी नानांनी माईंना छातीच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांची फी ऐकून नानांनाच धाप लागली.

मग त्यांनी कंपनीला फोनवर फैलावर घेतलं. मेकॅनिक आला, त्यानं मागचं झाकण काढलं आणि नानांकडे पाहिलं.

“काका, फिल्टरवरची प्लास्टिकची पिशवी तशीच आहे.”

“मीच राहू दिली,” नाना तोऱ्यात म्हणाले. जन्मभर त्यांनी कारखान्याचं स्टोअर सांभाळलं होतं. वेष्टन फाटलेला माल त्यांच्या हातून कधी गेला नव्हता. “काढली तर जाळीवर धूळ नाही का बसणार?”

“धूळ बसावी म्हणूनच जाळी असते, काका.”

नानांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. मेकॅनिकनं पिशवी टराटरा फाडली.

“आत हिला काही बोलू नकोस रे बाबा,” नाना कुजबुजले.

संध्याकाळपर्यंत दिवा हिरवा झाला. हळूहळू माई जिना चढू लागल्या, रात्री आडव्या झोपू लागल्या.

“डॉक्टर म्हणजे देवमाणूस हो! फी घेतात, पण गुण येतो,” माई म्हणायच्या.

“येतो खरा,” नाना म्हणाले आणि दंड समजून दर महिन्याला फी भरत राहिले.

एके सकाळी पाहतात तो माई मशीन खोक्यात भरत होत्या.

“हे काय चाललंय?”

“लेकीला परत पाठवते. हिवाळाभर वीज खाल्ली मेल्यानं, काय दिवे लावले? आता औषध लागू पडलंय.”

“राहू दे ना. असू दे घरात.”

“कशाला? पूजा करायला?”

बाहेर खडीचा ट्रक रिकामा झाला. खिडकीच्या फटीतून धुरळा आत आला आणि माईंनी घसा खाकरला. आता गप्प बसलो तर अब्रू राहील, पण हिचा श्वास जाईल. नाना खाली बघत बोलले, “अगं, मशीनचं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं.” आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे हिवाळाभर त्याच्या तोंडाला पिशवी?”

“हो.”

“आणि मी इस्पितळात?”

“हो.”

“धूळ बसू नये म्हणून?”

नानांनी नुसती मान हलवली. आता आभाळ कोसळणार म्हणून ते उभे राहिले. माई त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि एकदम फिसकन हसल्या. मग हसू आवरेना. पोट धरून त्या पलंगावर बसल्या. सवयीनं नाना धावले, इन्हेलर हलवला, टोपण काढलं आणि खोकल्याची वाट पाहत उभे राहिले.

खोकला आला नाही. माई डोळे पुसत, नानांकडे बोट दाखवत हसतच होत्या. अख्ख्या हिवाळ्यात ही अशी हसली नव्हती, हे नानांच्या तेव्हा लक्षात आलं. तिच्याबरोबर हसावं असं त्यांना फार वाटलं, पण जमेना.