इसहाकचा लाल गडगा

इस्मतने बॅग भरायला घेतली, तेव्हा युद्ध होणार हे इसहाकला पहिल्यांदा पटलं. तोवर रेडिओ ओरडत होता, पेपर ओरडत होते, आखातातल्या अबकैकच्या रस्त्यावरून रणगाडे लादलेले ट्रक जात होते; पण ते सगळं सरकारी होतं. बॅग घरातली होती. तिच्यात अफशाँची शाळेची पुस्तकंसुद्धा गेली, म्हणजे ही चार दिवसांची बात नव्हती.

"रविवारचं विमान," इस्मत म्हणाली. "धाहरानहून मुंबई, तिथून एस.टी.ने गुहागर. तुमचं युद्ध संपलं की कळवा."

"माझं युद्ध? मी काय केलं गो? मी रंग मारतो."

ते खरं होतं. तेलाच्या कारखान्यात एका ठेकेदाराकडे इसहाक अकरा वर्षं रंगारी होता. पाइप, टाक्या, शिड्या, जे उभं असेल ते त्याने रंगवलं होतं. पहिली सात वर्षं एका खोलीत सहा माणसं राहिली आणि आळीपाळीने एकमेकांची डाळ सहन करत जगली. बायको-मुलीला आणून चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत तो माणसासारखा जेवला होता, कोणीतरी त्याच्यावर घरच्यासारखं रागावलं होतं. रविवारी हे सगळं विमानात बसून जाणार होतं. मागे राहणार होता तो, आणि बहुतेक डाळ.

त्याने हे चारुदत्तला सांगितलं. चारुदत्त मूळचा साताऱ्याचा, इथल्या इस्पितळात एक्स-रे काढायचा. अंगात पांढरा कोट असल्यामुळे सगळे त्याला डॉक्टर म्हणत, आणि लोकांची चूक सुधारणं त्याने केव्हाच सोडून दिलं होतं. त्याची बायको ऑगस्टातच माहेरी गेली होती. तेव्हापासून तो अंड्यांवर जगत होता.

"घरात बसून भीती वाढते, इसहाकभाई," चारुदत्त म्हणाला. "खिडक्यांना चिकटपट्ट्या, रेडिओ चोवीस तास चालू, त्यात बाईमाणूस हसणार कसं? भाभींना एक दिवस वाळवंटात न्या. तंबू, शेकोटी, मोकळी हवा. इथले लोक थंडीभर तेच करतात. मन रमलं की विमान विसरतील."

"परवानगी कोणाची लागते?"

"कोणाची नाही."

"जागा कोणाची?"

"कोणाचीच नाही. म्हणजे सगळ्यांची. जिथं आवडेल तिथं खुंटी ठोकायची."

इसहाकला हे पचायला जड गेलं. त्याच्या गावी दोन घरांमधल्या दीड हाताच्या पट्टीसाठी त्याचा बाप आणि चुलता एकोणीस वर्षं कोर्टात जात होते, तेही एकाच एस.टी.ने, एकाच बाकावर बसून. कोणाचीच नसलेली जमीन त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. पण रविवार जवळ आला होता.

इस्मत आधी नाहीच म्हणाली. मग अफशाँने गळ्यात पडून "अम्मी, प्लीज, जाने से पहले एक बार" असं तीनदा म्हटलं, तेव्हा ती तयार झाली. तिने एकच अट घातली: तिकिटाचा विषय कोणी काढायचा नाही.

गुरुवारी दुपारी इसहाकच्या पिकअपमधून चौघं निघाले. अबकैक मागे टाकलं, पुढे पक्का रस्ता सोडून चाकोरीने तीन-चार किलोमीटर आत गेले आणि चारुदत्तने हात वर करून "बस, इथं!" असं म्हटलं. इथं आणि तिथं यात काहीच फरक नव्हता. सगळीकडे वाळू होती. त्यांनी ओळखीच्यांकडून मागून आणलेला तंबू उभा केला, चटई अंथरली, स्टोव्ह मांडून भात चढवला.

इस्मत चटईवर बसली. उठली. तोंड फिरवून बसली. पुन्हा उठली.

"काय झालं गो?"

"बाजारात बसल्यासारखं वाटतंय. ना पुढचं दार, ना मागचं. पाठ करू तरी कुठं?"

"भाभी, इथं बघायला आहे कोण?" चारुदत्त म्हणाला.

त्याचं बोलणं संपायच्या आत टेकडीवरून एक जीप उडी मारून आली. तरुण पोरं होती. तंबूपासून वीस हातांवरून धुरळा उडवत, हात हलवत ती निघून गेली. वाळू भातात पडली.

"अंधार पडल्यावर अशी आली तर तंबूवरूनच जातील," इस्मत म्हणाली. "चला घरी. बघितलं वाळवंट. छान हाय."

इसहाक झटकन उठला. "थांब," तो म्हणाला. "गडगा घालतो."

कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. घराभोवती दगडावर दगड रचून कमरेएवढा गडगा घातला की आतलं ते आपलं आणि बाहेरचं ते जगाचं.

"इसहाकभाई, फुकटच्या जागेला कुंपण?" चारुदत्त हसला.

"जागा फुकटची हाय, डॉक्टर. बायको नाय."

रस्त्याच्या कामातले उरलेले दगड चाकोरीच्या तोंडाशी ढीग घालून टाकलेले होते. इसहाकने पिकअपच्या तीन खेपा केल्या. कमरेएवढा गडगा घालायला ते पुरले नसते, म्हणून त्याने तंबूभोवती चांगली ऐसपैस जागा सोडून दगडांची नुसती एक रांग मांडली. मग त्याला वाटलं, वाळूच्या रंगाचे दगड अंधारात गाडीवाल्याला दिसणार कसे? पिकअपमध्ये कामावरचा लाल रंगाचा अर्धा डबा होता. ब्रश तर त्याच्या खिशातच असायचा. एकदा हात चालू झाला की इसहाकला थांबता येत नसे. त्याने एकूण एक दगड रंगवला. एकाला दोन हात दिले.

तेवढ्यावर भागलं असतं. पण सीटखाली पत्र्याचा साचा सापडला. कारखान्यात टाक्यांवर धोक्याच्या सूचना लिहायला तोच साचा लागायचा, अक्षरं कापूनच ठेवलेली. पत्रा धरायचा आणि ब्रश फिरवायचा. वर अरबी, खाली इंग्रजी, अर्थ एकच: धोका, आत येऊ नका. इसहाकने फळ्यांच्या चार तुकड्यांवर ते उमटवलं आणि चार कोपऱ्यांत रोवलं.

"अब्बा, इट लुक्स सो प्रोफेशनल," अफशाँ म्हणाली.

"मग? तुझा बाप अकरा वर्षं काय माशा मारतोय?"

आणि गडग्याने काम केलं. इस्मतने चटई मधोमध ओढली, पाय पसरले, आणि हमूर माशाचे तुकडे तळायला घेतले. तांदळाच्या भाकऱ्या झाल्या. चारुदत्तने पाच खाल्ल्या आणि ऑगस्टपासूनची अंडी आठवून डोळे पुसले, तेव्हा इस्मत खळखळून हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. इसहाकने मनातल्या मनात तिकीट अर्धं फाडलं.

शुक्रवारी सकाळी इस्मतने चहा ठेवला. कालच घरून वाफवून आणलेली सांदणं, तांदूळ आणि नारळाच्या दुधाची, तिने ताटलीत मांडली. चारुदत्त पाण्याचा डबा घेऊन पलीकडच्या टेकडीमागे गेला होता. इसहाक कपात चहा ओतत होता. एवढ्यात जमीन घरघरली.

चाकोरीवरून लष्कराचे ट्रक येत होते. एकामागे एक, इसहाकने एकवीसपर्यंत मोजले. पहिला ट्रक गडग्यापासून दोनशे हातांवर आला आणि असा थांबला की मागचा त्याच्यावर आदळता आदळता राहिला. शिपाई उतरले. एकाने दुर्बीण लावली. मग भोंग्यातून अरबी गर्जना झाली, पाठोपाठ इंग्रजी.

"काय म्हणतोय?" इस्मतने विचारलं.

अफशाँ म्हणाली, "ही इज सेइंग, डोंट मूव्ह. हिलना मत. हम लोग माइनफील्ड में बैठे हैं."

"ते काय असतं?"

"जमिनीत सुरुंग पुरलेले असतात," इसहाक म्हणाला. त्याचा हात किटलीसकट हवेतच राहिला. त्याची नजर लाल दगडांवरून फिरली, पाटीवर गेली, आणि त्याला कळलं: सुरुंगांची जागा अशीच आखून ठेवतात.

नेमका त्याच वेळी चारुदत्त टेकडीमागून गाणं गुणगुणत आला. त्याने ट्रक पाहिले, खुशीत डबा हलवला आणि दगडांच्या रांगेवरून आत उडी मारली. दोनशे हातांवर पन्नास शिपाई एकदम वाळूत पालथे पडले.

काहीच उडालं नाही. शिपायांनी हळूहळू माना वर केल्या. भोंगा पुन्हा किंचाळला.

"डॉक्टर, हलू नका!" इसहाक ओरडला. "दुसरा पाय खाली ठेवू नका!"

"का? काय आहे खाली?"

"काय नाय! पण त्यांना वाटतंय हाय!"

चारुदत्त एका पायावर उभा राहिला. डबा त्याने छातीशी धरला.

"अवो, मग सांगा ना त्यांना," इस्मत म्हणाली. "दगड मी रंगवले म्हणा."

"वेडी हायस काय? लढाईच्या दिवसांत खोट्या पाट्या लावल्या. रंग कामावरचा, साचा कामावरचा. इकामा, राहायचा परवाना, काढून घेतील, ज्याच्या नावावर इथं आलो तो कफील दारात उभा करणार नाय. तू रविवारी जाशील, मी शनिवारीच पोचेन."

"मग काय करायचं?"

"गप बसायचं. बघून बघून जातील."

पण ते गेले नाहीत. एक शिपाई पुढे आला, पोटावर आडवा झाला, हातात एक बारीक सळई घेतली आणि वाळूत टोचत टोचत सरपटू लागला. वीतभर टोचायचं, वीतभर सरकायचं. मागे ट्रकांची रांग टेकडीपलीकडे गेली. अर्धा तास झाला, तास झाला. चहावर साय धरली.

"इसहाकभाई, मी पाय बदलू का?" चारुदत्तने विचारलं.

"हवेतच बदलता आला तर बदला!"

सरपटणारा शिपाई आता हाकेच्या अंतरावर आला होता. विशी-बाविशीचा असेल. जानेवारीच्या थंडीत त्याच्या कपाळावरून घाम गळत होता, आणि ओठ सारखे हलत होते. इस्मतने कान दिला.

"अवो," ती हळूच म्हणाली, "तो कलमा पढतोय."

इसहाकने मान खाली घातली.

"आपण मरणार म्हणून पढतोय तो. तुमच्या दोन हात रंगापायी."

"इस्मत, बस खाली."

इस्मत उठली. डोक्यावरचा पदर नीट केला, सांदणांची ताटली उचलली आणि सरळ चालू लागली. भोंगा किंचाळत होता. शिपाई पुन्हा पालथे पडले. तिने लाल दगड ओलांडला, वाळू तुडवत त्या पोराजवळ गेली आणि ताटली त्याच्या नाकासमोर ठेवली.

"ऊठ रे बाबा," ती मराठीतच म्हणाली. "काय नाय इथं. माझ्या नवऱ्याने घातलंय हे. आम्ही कोकणातले. खा."

पोराने तिच्याकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं. मग तिथेच उठून बसला आणि ढसाढसा रडत सांदण खाऊ लागला.

पुढचं काम अधिकाऱ्याने केलं. तो लांब ढांगा टाकत आला, पाटीवर बोट फिरवलं, बोट लाल झालं. त्याने इसहाकचा इकामा मागितला. त्यावर धंदा लिहिला होता: रंगारी. अधिकाऱ्याने ते दोनदा वाचलं.

"का?" त्याने अरबीत विचारलं.

इसहाकला कामापुरती अरबी येत होती, आणि हे तिच्यात बसत नव्हतं. तरी त्याने हातवारे करून सांगितलं. बायको. भीती. गाड्या. रविवार, विमान. बोलता बोलता त्याने हाताने विमान उडवून दाखवलं, आणि मग बोट स्वतःकडे केलं: एकटा.

अधिकाऱ्याने इस्मतकडे पाहिलं. ती कमरेवर हात ठेवून त्या पोराला दुसरं सांदण घ्यायला लावत होती.

"माझी गेल्या आठवड्यात जेद्दाला आईकडे गेली," अधिकारी म्हणाला. "मला न विचारता." त्याने इकामा परत केला. "दगड उचल. एकही राहता कामा नये. खलास. यल्ला, निघ."

जाताना उरलेली तीन सांदणं त्याने रुमालात बांधून घेतली. चारुदत्तला दोन शिपायांनी धरून बसवलं, कारण त्याचा पाय खाली यायचं नाव घेत नव्हता.

दुपारी पिकअप अबकैककडे निघाली. मागे दगड खडखडत होते. चारुदत्त मागच्या बाजूला पाय चोळत बसला होता, अफशाँ आईच्या मांडीवर झोपली होती. पक्का रस्ता लागल्यावर इसहाक म्हणाला, "इस्मत, तू रविवारी जाच. आता मी सांगतो. त्यांची एखादी गोळी सुटली असती तर? इथं राहण्यात अर्थ नाय."

"मी नाय जात."

इसहाकने पिकअप कडेला घेतली. "काय म्हणालीस?"

"नाय जात म्हटलं. पन्नास शिपाई आडवे पडले तिथनं मी चालत गेले. आता गुहागरला उतरून सासूबाईंना काय सांगू, घाबरले म्हणून आले? आणि हे सांगितलं तर खरं कोण मानणार?" तिने अफशाँच्या केसांतली वाळू झटकली. "शिवाय तुम्हाला एकटं सोडलं, तर पुढच्या शुक्रवारी धाहरानला गडगा घालाल."

त्याला हवं होतं तेच झालं होतं. बॅग भरली त्या दिवसापासून त्याने यासाठीच जिवाचं रान केलं होतं. त्याने स्टिअरिंगवरचे आपले हात पाहिले. नखांत अजून लाल रंग होता. समोरून लष्कराचे आणखी ट्रक येत होते, आणि त्यांची रांग संपत नव्हती.

"इस्मत," तो हळूच म्हणाला, "ते तिकीट माझ्या नावावर होईल काय गो?"