माणिकमामा आणि बिनमाणसाचा सीन

माणसांना अरे-तुरे आणि म्हशींना अहो-जाहो करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो.

माझे मेव्हणे पहिल्यांदा मुक्कामाला आले, तेव्हा भल्या पहाटे शेजारून आवाज आला. "अहो बाई, सरका! पुढं सरका! दारातच कामून उभ्या हाव? आत सगळी जागा रिकामी हाय ना!"

मेव्हणे अंथरुणात उठून बसले. "शेजारी पाहुण्या आल्यात वाटतं," म्हणाले.

"पाहुण्या न्हाईत," मी म्हटलं. "दगडूची म्हैस हाय. झोपा तुमी."

म्हैस गल्लीच्या तोंडाशी उभी होती. तिच्या पाठीमागं सूर्य वर येत होता आणि माणिकमामांनी डोळ्याला कॅमेरा लावून तिला हात जोडायचेच काय ते बाकी होते. शेवटी म्हैस आपल्या सवडीनं हलली. मामा "टिंग टिंग" म्हणाले आणि बटण दाबलं.

हे टिंग टिंग म्हणजे डबल बेल. मामा एसटीत कंडक्टर होते. नोकरी सुटली, पण घंटी सुटली नाही. फोटो जमला की टिंग टिंग, नाही जमला की एकच टिंग, आणि मग सगळं जग थांबलं पाहिजे असा त्यांचा आग्रह असतो. ढग आडवा आला तर त्यालाही "चला, चला, मागची गाडी रिकामी हाय" असं ऐकवतात.

निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, गाय घेतात, नाहीतर सुनेशी भांडतात. मामांना मूलबाळ नाही. मामी तर ते नोकरीत असतानाच गेल्या. मामांनी कॅमेरा घेतला. आमच्या गावात, म्हणजे बोरीच्या पुढं डांबरी सोडून आत, कॅमेरा म्हटलं की लग्न, बारसं आणि आधार कार्ड. मामा तर नुसत्या झाडाझुडपांचे फोटो काढायला लागले. लोकांना वाटलं, एकटेपणानं डोक्यावर परिणाम झाला. मी एकदा विचारलंच.

"आरं वसंता," मामा म्हणाले, "सगळा मराठवाडा फिरलो मी. पण बघितलं काय? बगला अन् पिशव्या! गाडी घाटातून जायली तरी माझं तोंड पॅसेंजरकडं. खिडकीजवळचे घोरायचे, अन् मला भाईर बघायला जागा न्हाई. आता मी बघणार."

त्यातूनच त्यांचा तो प्रसिद्ध नियम निघाला. माणूस आला की सीन बाटला. डोंगर चालेल, ओढा चालेल, बगळा चालेल, मिनतवारी करून म्हैससुद्धा चालेल. माणूस नको. एवढी गर्दी अंगावर घेतल्यावर आता एक तरी जागा रिकामी दिसू दे, असं त्यांचं म्हणणं.

या नियमापायी ते उभ्या जिल्ह्यात भांडून आले आहेत. येलदरीच्या धरणावर मासे धरणाऱ्यांना त्यांनी होडी घेऊन पलीकडं जायला लावलं. परभणीच्या स्टेशन रोडचा रिकामा फोटो पाहिजे म्हणून पहाटे जाऊन उभे राहिले आणि दुपारी उपाशी परत आले. "परभणी रिकामी व्हतच न्हाई," म्हणाले. पण तक्रारीच्या सुरात नव्हे, अभिमानानं. जगात जर्मनी आणि भारतात परभणी, ही म्हण इतर लोक गमतीनं म्हणतात. मामांच्या लेखी तो भूगोल आहे. बोरीचे एक गुरुजी काश्मीरला जाऊन आले आणि त्यांनी बर्फाचे फोटो दाखवले, तर मामा बराच वेळ बघून म्हणाले, "डोंगर बरे हायत. पण गुरुजी, उजेड आपला."

वालूरच्या बारवेत तर कहर झाला. ती बारव म्हणजे जमिनीत उतरत जाणाऱ्या गोल गोल पायऱ्या. मामा सकाळपासून योग्य ऊन खाली पोहोचायची वाट बघत बसले होते. ऊन पोहोचलं आणि त्याच्यासोबत एक नवरा-नवरीही पोहोचले. लग्नाआधीचे फोटो काढायला आलेले. नवरदेव सुटात, नवरीचा झगा चार पायऱ्या झाडत चाललेला, आणि त्यांचा फोटोग्राफर "सर, मॅडमकडे बघा" म्हणून ओरडतोय. मामा उठले आणि त्यांनी कंडक्टरच्या आवाजात घोषणा केली, "उतरा, उतरा! शेवटचा स्टॉप! गाडी पुढं जायची न्हाई!" नवरदेव घाबरून खरंच उतरायला लागला. नवरी हसून हसून खाली बसली. शेवटी ती म्हणाली, "आजोबा, तुमचं होऊ द्या आधी." मामा विरघळले. फोटो झाल्यावर नवरदेवाची टाय त्यांनीच सरळ केली.

आता आमच्या गावची गोष्ट सांगायला हवी. दिवाळी झाली की आमचं अर्धं गाव ऊसतोडीला जातं. ट्रॅक्टर भरून माणसं कारखान्यांकडे निघतात, दारांना कुलपं लागतात आणि गावात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि माझ्यासारखे खत-बियाण्याचे दुकानदार उरतात. मामांना हा काळ पर्वणीसारखा वाटायचा. गल्ल्या रिकाम्या, सीन मोकळा. त्यांनी मला सांगून मोबाइलवर एक ग्रुप काढून घेतला, "गावाकडचा सीन" या नावाचा. तोडीला गेलेली सगळी माणसं त्यात. रोज सकाळी मामा त्यावर एक फोटो टाकतात.

पहिल्या दिवशी त्यांनी लाल आभाळाचा फोटो टाकला. मोठ्या आशेनं माझ्या दुकानात बसून उत्तरांची वाट बघू लागले. उत्तरं आली.

"मामा, डाव्या अंगाला आमचं दार हाय. कुलूप दिसायलंय का?"

"लिंबाची फांदी कोण तोडली?"

"ती पांढरी शेळी आमची हाय का बघा. लंगडायली वाटते."

मामांचा चेहरा पडला. "आरं, आभाळ बघा की!" ते मोबाइलवरच ओरडले. पण तिकडं कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, दमूनभागून बसलेल्या माणसाला आभाळ काय करायचं? ते तर त्याच्या डोक्यावर होतंच. त्याला आपलं दार बघायचं होतं.

एकदा त्यांनी टेकडीवरून संध्याकाळ धरली. सोनेरी ऊन, लांब सावल्या, फोटो खरोखर देखणा. अर्ध्या तासात उत्तमचा कारखान्यावरून फोन. फोटोच्या तळाशी त्याचा हरभरा होता आणि हरभऱ्यात दगडूची म्हैस होती. दगडू म्हणाला, माझी म्हैस दावणीला हाय. उत्तमनं फोटो मोठा करून ग्रुपवर टाकला आणि शिंगं दाखवली. पारावर बैठक बसली, मामांना साक्षीला बोलावलं. मामा संतापून उभे राहिले. "सोन्यासारखी संध्याकाळ दिली तुमाला," ते म्हणाले, "अन् तुमी शिंगं मोजायलाव!" निकाल मात्र फोटोवरूनच लागला. दगडूनं हरभऱ्याची राखण करायचं कबूल केलं आणि तेव्हापासून तो मामांना बघितलं की म्हैस आडोशाला नेतो.

असा माणूस. आपलं काम कुणीतरी नुसतं काम म्हणून बघावं, एवढीच त्याची हौस. म्हणून परभणीत निसर्गाच्या फोटोंचं प्रदर्शन भरणार अशी खबर लागली, तेव्हा मामांना झोप येईना. यंदाच्या थंडीत त्यांनी धुक्याचा एक फोटो काढला होता. धुकं ओढ्यावरून गावात शिरलंय, घरांची नुसती छपरं वर तरंगताहेत आणि लिंबामागून उजेड फुटतोय. मला फोटोतलं काही कळत नाही, पण तो बघून मी गिऱ्हाइकाला युरियाऐवजी पोटॅश दिलं. मामांनी तो पाठवला आणि रोज मला विचारू लागले, "फोन आला का रं?" नंबर माझा दिला होता.

फोन आला. फोटो सगळ्यांना आवडला होता. दारातून आत गेल्या गेल्या समोर दिसेल असा मोठा करून लावणार होते. फक्त एक किरकोळ बाब होती, तेवढी येऊन बघून जा म्हणाले.

मामांनी ठेवणीतली सफारी घातली. मी गाडी काढली. परभणीपर्यंत मागं बसून ते सारखे बोलत होते. लोक नुसतं आभाळ बघायला येणार, कुलूप बघायला नव्हे, हे त्यांनी मला अनेक प्रकारे समजावलं.

प्रदर्शनवाले गृहस्थ सज्जन होते. त्यांनी चहा मागवला, कॉम्प्युटरवर फोटो उघडला आणि मामांच्या पाठीवर थाप मारली. "काका, अप्रतिम! फक्त हा उजवा कोपरा बघा. इथं एक म्हातारी बसलीय दारात. नियम असा आहे की निसर्गात माणूस नको."

मी मनात म्हटलं, चला, काम झालं. मामांचाच नियम, मामांनाच सांगतोय. त्या गृहस्थांनी माऊस हलवला. कोपरा गेला, म्हातारी गेली. फोटो खरंच जास्त चांगला दिसायला लागला. माझ्या तोंडून "वा" निघून गेलं.

मामा म्हणाले, "आजीला परत आणा."

"काका, दोन बोटांचा कोपरा आहे."

"दोन बोटांत म्हातारी बसलीय ना आमची. आणा परत."

त्यांनी पुष्कळ समजावलं. नाहीतर लावता येणार नाही म्हणाले, आणि म्हणताना त्यांनाही वाईट वाटत होतं. मीही म्हटलं, "मामा, इथं कापला तर काय बिघडलं? आपल्याकडं पुरा फोटो हायच की." मामांनी समोरच्या रिकाम्या भिंतीकडं एकदा बघितलं. तिथं खिळाही ठोकून ठेवला होता. मग उठले, हात जोडले आणि म्हणाले, "मग ऱ्हाऊ द्या साहेब. आमी दुसऱ्या गाडीनं येऊ."

आम्ही परत निघालो. वाटेत झरीला मी चहाला गाडी थांबवली आणि चिडून विचारलं, "मामा, आयुष्यभर माणूस नको म्हणून भांडलाव. आजच कौसाआजीचा एवढा पुळका?"

मामांनी बशीत चहा ओतला. "तिचा भीमा तोडीला हाय," ते म्हणाले. "म्हातारीला फोनवर ऐकू येत न्हाई. हा हॅलो हॅलो करतो अन् ती नुसतीच 'हां हां' म्हनते. मंग भीमा मला म्हनला, मामा, रोज सकाळी माय दारात बसलेली दिसली की माझा जीव भांड्यात पडतो. त्या दिसापासून मी कुठलाबी सीन धरू दे, ती कोपऱ्यात आलीच पाहिजे. तवा कॅमेरा वाकडा धरावा लागतो. सीन बिघडतो." त्यांनी चहाचा घोट घेतला. "बिघडू दे. आता हितं कापली, अन् उद्या तोच फोटो कुणी त्याला धाडला, तर? मायच्या जागी धुकं दिसल त्याला. उसाच्या फडात उभा ऱ्हाईल का तो?"

 मी उगाच बिस्किटाचा पुडा फोडला. भिंतीवरच्या त्या खिळ्याकडं बघतानाचा त्यांचा चेहरा मला दिसत होता आणि वाईट वाटत होतं.

"अन् मामा, तुमाला कोण बघतं रोज?" मी विचारलं.

मामा मोठ्यानं हसले. "मला कोण बघणार? मी कॅमेऱ्याच्या मागं!"

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्या मागोमाग टेकडीवर गेलो. थंडी मरणाची होती. मामा नेहमीसारखे सूर्याला "चला, उशीर झाला" म्हणत होते. मी माझ्या मोबाइलवर त्यांचाच फोटो काढला. पाठीमागून. समोर सगळं आभाळ पेटलेलं आणि मधे हा वाकलेला म्हातारा. काही न लिहिता मी तो ग्रुपवर टाकला.

दुपारपर्यंत ग्रुप भरून गेला.

"मामा लय वाळले."

"सदरा उसवलाय पाठीत. आल्यावर शिवून देते म्हनावं."

"पायात चप्पल कामून न्हाई? काटं हायत तिथं."

उत्तमनं तर हरभऱ्याचंही विचारलं नाही. आणि भीमाच्या बायकोनं, सुनीतानं, लिहिलं होतं, "मामा, कान उघडे हायत. दस्ती बांधत जा. तुमाला काय झालं तर आमची माय कोण दाखवल?"

मी दुकानात बसून ते सगळं मामांना वाचून दाखवलं, कारण चष्मा घरी राहिला असं ते म्हणाले. चष्मा त्यांच्या खिशात दिसत होता. ते ऐकत राहिले. मधेच म्हणाले, "ते सुनीताचं परत वाच." मी वाचलं. मग ते घरी गेले.

आज सकाळी दार उघडलं तर मामा ओट्यासमोर उभे. पायात चप्पल. डोक्यावरून, दोन्ही कान झाकून, हनुवटीखाली घट्ट गाठ मारलेली पांढरीशुभ्र दस्ती. मी हसू दाबलं.

"हसू नगं," मामा दटावून म्हणाले. मग थोडे तिरपे झाले, गाठ नीट दिसेल असे. "मोबाइल घे अन् एक काढ माझा. टाक ग्रुपवर. बांधली म्हनून कळू दे त्यांना."