विल्फ्रीदोचा बगळा

माणूस मेला की त्याचं काहीतरी करावं लागतं, आणि बुडाला की त्याच्याबद्दल काहीतरी सांगावं लागतं. जादुई वास्तववादाचा उगम या दुसऱ्या गरजेत आहे. विद्वान मंडळी तो कधी दंतकथांत शोधतात, कधी युरोपातल्या चित्रकारांत. शोधू देत बापडे. आमच्या मॅग्दालेना नदीकाठच्या सांता रुफिना गावात तो नगरपालिकेच्या माडीवर आहे, डाव्या हाताची दुसरी खोली. किल्ली माझ्याकडे असते. मी नवलखात्याचा चिटणीस.

पूर्वी मी मर्तिकाच्या घरी थापा मारायचो. आमच्याकडे मेलेल्यासाठी नऊ रात्री जागतात. आत पांढऱ्या चादरीची वेदी आणि पाण्याचा पेला (जिवाला तहान लागते), अंगणात कॉफी, डोमिनो आणि मी. नवव्या पहाटे वेदी मोडली की जीव मार्गी लागतो. रडणाऱ्याला हसवेल अशी थाप मारणं हे काही ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे. शिवाय रीत अशी, की थापेला कुणी ‘खोटं’ म्हणायचं नाही. म्हणेल त्याला कॉफी नाही. ही रीत पाहून महापौर एवारिस्तो यांचे डोळे चमकले आणि त्यांनी मला सरकारी सेवेत घेतलं.

या वाङ्मयप्रकाराची लक्षणं खात्याने निश्चित केली आहेत. नवल सांगताना भुवई हलता कामा नये. उलट साध्या गोष्टीचं मात्र नवल वाटलं पाहिजे. (हे आमच्याकडे आपोआप जमतं. नळाला पाणी आलं तर बायका छातीवर क्रूस काढतात, आणि शेजारच्या अंगणात आभाळातून बेडूक पडले तर ‘आमच्याकडे का नाही पडले?’ म्हणून भांडतात.) काळ गोल फिरला पाहिजे. गावच्या पुलाची कोनशिला प्रत्येक महापौर नव्याने बसवतो, त्यामुळे तोही फिरतो. एक चौथं लक्षण आहे, ते ओघात येईल. खात्याच्या स्थापनेपासून गावातले अपघाती मृत्यू निम्म्यावर आले आहेत, रूपांतरं त्याच प्रमाणात वाढली आहेत.

तर विल्फ्रीदो. बाजाराच्या दिवशी महापौरांच्या मेहुण्याची लाँच भर नदीत बुडाली. लाँच वीस माणसांची, माणसं चाळीस, वर केळीचे घड आणि कुणाचा तरी फ्रीज. तळाला भोक होतं, ते डांबराने बुजवलेलं. बाकीचे पोहून आले. विल्फ्रीदो शिंपी आला नाही. उबाल्दिनाचा एकुलता एक. मी त्याचा बाप्तिस्म्याचा धर्मपिता, म्हणून ती मला कोंपाद्रे म्हणते आणि मी तिला कोमाद्रे. (हा तपशील खात्याच्या दृष्टीने गैरलागू.)

“लाँच वर काढायची म्हणजे डांबरही वर येणार,” महापौर म्हणाले. “तू त्या पोराचं काहीतरी बनव. नदीतलं नको, लोक बुड्या मारत बसतील. आभाळातलं बनव.”

“बगळा चालेल, डॉक्टर?” (महापौर कुठलेही डॉक्टर नाहीत, पण आमच्याकडे खुर्चीत बसला की होतो.)

“पांढरा कर. छान दिसेल.”

संध्याकाळच्या आत परिपत्रक लागलं: ‘सर्व नागरिकांस कळविण्यात येते की, श्री. विल्फ्रीदो हे बुडाले नसून बगळा झाले आहेत. सबब ते मयत नाहीत. मयत नसल्याने नऊ रात्रींचे जागरण व वेदी अनुज्ञेय नाही. बगळ्यांस दगड मारू नयेत.’ गावाने वाचलं आणि मान डोलावली. माझ्या थापांवर वाढलेलं गाव ते, ‘खोटं’ म्हणण्याची सवयच नव्हती.

उबाल्दिना खात्याच्या दारातूनच कडाडली. “कोंपाद्रे, माझं पोर गच्चीवर जाताना भिंत धरून जायचं. ते उडणार?”

“रूपांतरात भीती जाते, कोमाद्रे.”

“डोंबल जाते! तो लाँचेखाली आहे. लाँच उचला. मला माझ्या लेकराला पुरायचंय. वेदी मांडायचीय, मोडायचीय. नाहीतर दाराशी ओलाच उभा राहील बिचारा.”

“नियमात बसत नाही.”

“बाप्तिस्म्याला पाण्यावर तूच धरला होतास ना त्याला? तेव्हा हात सुटला असता, तर तेव्हाही बगळाच म्हणाला असतास?”

मी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

बगळ्याची कीर्ती पसरली. राजधानीतून आणि परदेशातून साहित्यप्रेमी टोप्या घालून आले. उबाल्दिना धक्क्यावर उभी राहून त्यांनाही तेच सांगायची, की मुलगा खाली आहे, लाँच उचला. एका उंच बाईंचे डोळे भरून आले. “काय प्रतिमा आहे! बुडालेली नाव म्हणजे आपली स्मृतीच!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“टाळ्या काय पिटताय मेल्यांनो? दोर आणा, दोर!”

दुभाष्याने ‘दोर’ अचूक सांगितला. त्यांनी तोही टिपून घेतला.

शेवटी तिने हुकूम धाब्यावर बसवून वेदी मांडली. कुणी फिरकलं नाही. नवव्या पहाटे मी गेलो (कार्यालयीन पाहणीसाठी). विल्फ्रीदोनेच शिवलेली पांढरी चादर, पाण्याचा पेला, चुलीवर कॉफी. उबाल्दिनाने वेदी मोडायला हात उचलला, तेवढ्यात खिडकीतून एक पांढरा बगळा आत आला. पेल्यातलं पाणी प्याला. मग हळूच येऊन त्याने तिच्या मांडीवर मान टेकली. ती म्हणाली, “आलास, बाळा?” आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

आलं ना डोळ्यांत पाणी? पुसा. बगळा बिगळा काही आला नव्हता. तिने वेदी मोडलीही नाही. पुरायला देह नाही तर मोडू कशी, म्हणाली. पेल्यातलं पाणी रोज बदलते. लाँच तिथेच आहे, नदी उतरली की तिचं छप्पर दिसतं.

राहिलं चौथं लक्षण: नवलाला दोषी नसतो. बगळा खिडकीतून आला, तेव्हा तुमच्यापैकी एकानेही ‘लाँचेचं काय झालं?’ म्हणून विचारलं नाही. खातं आपलं आभारी आहे. बसा, तुम्हाला कॉफी मिळेल.