टाकीने घेतलेला फोन

माझं जुनं सिमकार्ड टेबलाच्या खणात पडून होतं. ऑफिसने मला नवीन नंबर दिल्यापासून त्याला काही काम उरलं नव्हतं, आणि बिनकामाची वस्तू (मी सोडून) आमच्या घरात फार दिवस टिकत नाही. त्याच सुमारास गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसाठी मी एक पेटी विकत घेतली. ती जिन्याखालच्या पंपाला जोडायची, तिच्यात सिम घालायचं आणि कुठूनही तिला फोन लावायचा. एक रिंग झाली की ती फोन कापते आणि पंप सुरू करते. पुन्हा फोन केला की बंद. शिवाय फोन करणाऱ्याला मेसेजही पाठवते, टाकी भरली की तेही कळवते. तोवर खाली जाऊन बटण दाबणं हे माझं काम होतं, आणि ते मी कसं करायचो हे माझ्या बायकोला विचारू नये. असो. नवीन सिम कशाला आणायचं, म्हणून मी जुनंच पेटीत सरकवलं.

पेटी बसवायला आलेला पंपवाला म्हणाला, "साहेब, कोणकोणत्या नंबरचं ऐकायचं ते हिला सांगून ठेवा. नाहीतर ही येईल त्या फोनचं ऐकेल."

"ऐकू दे की. तिचा नंबर आहे कोणाकडे?"

(तो नंबर माझ्या तमाम नातेवाइकांकडे होता, हे मला तेव्हा सुचलं नाही. मला काय सुचावं आणि काय सुचू नये, यावर माझा ताबा नाही.)

बायकोला मी सगळी यंत्रणा समजावून सांगितली. "तू फोन लावलास की तो आधी टॉवरवर जातो. तिथून कंपनीच्या मोठ्या यंत्राकडे. ते यंत्र पेटी कोणत्या टॉवरच्या हद्दीत आहे ते शोधतं आणि फोन परत आपल्याच टॉवरवरून जिन्याखाली येतो."

"म्हणजे एक जिना उतरायचा कंटाळा, म्हणून गावभर फिरून यायचं."

"तसंच काहीसं."

"तुम्हाला शोभेल असंच आहे."

मला खटकलं ते वेगळंच. जिन्याखालच्या अंधारात त्या पेटीला उत्तम रेंज, आणि मला मात्र बोलायचं तर न्हाणीघराच्या खिडकीला चिकटून उभं राहावं लागतं. ज्याला थोडकंच बोलायचं असतं त्याला थोडी रेंजही पुरते, असं पंपवाल्याने सांगितलं. सांगताना तो माझ्याकडे का बघत होता, कोण जाणे.

आता सासऱ्यांबद्दल. ते निवृत्त ग्रंथपाल. आवाज हळू, पण नाराजी लांबवर ऐकू जाते. सासूबाई गेल्यापासून एकटेच राहतात, आणि मागच्या महिन्यात न्हाणीघरात पाय घसरून पडले, तेही कुणाला सांगितलं नाही. बायकोच्या जिवाला तेव्हापासून घोर लागला होता. "बाबा, आमच्याकडे कायमचे या," असं तिने त्यांना रडत विनवलं. मलाही ते यायला हवे होते. माझे वडील मी लहान असताना गेले, आणि घरात कुणी वडीलधारं रागवायला असावं असं मला मनापासून वाटतं. (रागवायला कुणीतरी आहेच, पण ते वडीलधारं नाही.) सासरे म्हणाले, "विचार करतो. रविवारी जावईबापूंना स्वतः फोन करून सांगतो."

रविवारी सकाळपासून आम्ही माझा नवा फोन खिडकीत ठेवून त्याच्याभोवती बसलो. फोन काही वाजेना. वाजला तो पंप.

"तुम्ही लावलात?" बायकोने विचारलं.

"नाही. तू?"

पंप बंद झाला. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकेपर्यंत पुन्हा सुरू झाला. नव्या वस्तूला जरा सवय व्हावी लागते, असं मी तिला समजावलं. ती म्हणाली, "लग्नानंतर मीही असंच म्हणायचे." तेवढ्यात खालच्या शिवणकामवाल्या बाई धापा टाकत वर आल्या. त्यांच्या हातात एक निथळता परकर होता.

"भाऊ, तुमची टाकी वाहतेय. गिऱ्हाइकांचे कपडे धुऊन द्यायचं काम मी घेत नाही."

मी धावत खाली गेलो, मेन स्विच पाडला आणि तिथूनच पंपवाल्याला फोन लावला. टाकी भरल्यावर पेटी कळवणार होती, मग मला का कळवलं नाही, असं जरा दरडावूनच विचारलं.

"शेवटचा फोन ज्याचा, त्याला ती कळवते. कोणीतरी फोन करतंय साहेब तिला. सिम कोणाचं घातलंय?"

मी वर आलो. माझा चेहरा पाहूनच बायकोने विचारलं, "बाबांना तुमचा नवा नंबर दिलायत ना?"

"तू दिला असशील असं मला वाटलं."

"मला वाटलं तुम्ही दिलात."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. त्यापेक्षा टाकी वाहिलेली बरी. तिने बाबांना फोन लावला, तर तो बंद. आयुष्यात एकदा त्यांना मनातलं बोलावंसं वाटलं आणि जावयाने फोन कापला, तोही पुन्हा पुन्हा. आता ते या घराची पायरी चढणार नाहीत, असं म्हणून ती रडायला लागली. मलाही भरून आलं, पण त्या दिवशी घरात आणखी पाणी नको म्हणून मी आवरलं.

संध्याकाळी दार वाजलं. दारात सासरे, हातात एक बॅग. राहायला आलेत की जाब विचारायला, काही कळेना. ते शांतपणे खुर्चीत बसले. चष्मा लावून त्यांनी मोबाईल काढला.

"सकाळी मी जावईबापूंना फोन केला. फोन कापला. लगेच मेसेज आला. 'आपला आदेश मिळाला. काम सुरू केले आहे.' मी चकित झालो. पुन्हा फोन केला. 'आपला आदेश मिळाला. काम थांबवले आहे.'"

वाचलो, असं माझ्या मनात आलं. मी मान खाली घातली आणि नम्रपणे म्हणालो, "तुमचा शब्द आमच्यासाठी आदेशच, बाबा."

बायकोला मात्र राहवेना. "बाबा, ते हे नव्हते. ती पाण्याची टाकी होती."

मी डोळे मिटून घेतले. आता बॅग उचलतील आणि चालू लागतील.

"ठाऊक आहे," सासरे म्हणाले. "शेवटी मेसेज आला, 'टाकी भरली आहे, पंप बंद करा.' जन्मभर पुस्तकांत काढलाय मी, एवढं वाचता येतं. फोन केला होता तो नाही म्हणायलाच. दुसऱ्याच्या घरात म्हाताऱ्याचं कोण ऐकतं, असं वाटत होतं. पण ते मेसेज वाचले आणि म्हटलं, नाही, या घरात सांगितल्याबरोबर ऐकणारं कुणीतरी आहे. निघालो."

आणि मोबाईल खिशात ठेवत, नेहमीच्या हळू आवाजात त्यांनी मुलीला सांगितलं, "ते जावईबापू नाहीत, हे तर मला पहिल्याच मेसेजला कळलं होतं."