उजव्या कोपऱ्यातली जागा

मांजरीने तिसऱ्यांदा सोफ्यावर कार्यभाग उरकला, तेव्हा सोफा-कारागिराची खात्री पटली की हे सहज घडत नाही, यात डाव आहे.

तिघांचा सोफा होता. डावी बाजू बायकोची, मधली आल्यागेल्याची आणि उजवा कोपरा त्याचा स्वतःचा. मांजरीने डावी बाजू सोडली, मधली सोडली आणि तिन्ही वेळा नेमका उजवा कोपरा गाठला. बरं, खोलीत दुसरी मऊ जागाच नव्हती असंही नाही. खिडकीपाशी हिरव्या मखमलीची खुर्ची होती. तिच्यावर ही बया रोज दुपारी अंगाचं मुटकुळं करून झोपायची, पण तिथे तिने कधी ओला पंजासुद्धा टेकवला नव्हता.

आणि ती खुर्ची समोरच्याने बनवलेली होती. कारागिराचं खरं दुखणं ते होतं.

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा सोफावाला. दोघे एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले, एका डब्यात जेवले, एका दाभणाने टाके घालायला शिकले. मग नऊ वर्षांपूर्वी कारागिराची कात्री हरवली. साधीसुधी कात्री नव्हे. लग्न ठरल्यावर होणाऱ्या बायकोने दिलेली, मुठीला तिने स्वतःच्या हाताने लाल दोरा गुंडाळलेली. ती ऐन लग्नाच्या आठवड्यात गेली आणि त्या आठवड्यात दुकानात येऊन गेला होता तो फक्त हा मित्र. "माझं चांगलं झालेलं तुला बघवत नाही," असं कारागीर त्याला भर रस्त्यात म्हणाला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

आता अशा माणसाची खुर्ची घरात आली कशी? तर कारागिराच्या आळसापायी. बायको वाचनालयात दिवसभर टेबलाशी बसायची, तिची पाठ धरायची. "अहो, मला एक नीट खुर्ची करून द्या ना," असं ती म्हणायची आणि तो म्हणायचा, "उद्या करतो." हा उद्या दोन वर्षं चालला. एके दिवशी ती काही न बोलता रस्ता ओलांडून गेली आणि आठ दिवसांनी खुर्ची दारात हजर झाली.

"भावजींनी अगदी पाठीच्या मापाने बनवलीय हो," ती टेकून बसत म्हणाली.

"पाठीचं माप? ते कधी घेतलं त्याने?"

"बाईंनी घेतलं, त्यांच्या बायकोने. झालं समाधान?"

समाधान कसलं होतंय! तिने खुर्चीत बसून सुखाचा सुस्कारा टाकला की कारागीर तोंड फिरवून बसायचा. त्यात महिन्यापूर्वी तिने वाचनालयाच्या आवारातून ही मांजर उचलून आणली. येणाऱ्याजाणाऱ्याच्या चपला हुंगून चौकशी केल्याशिवाय ती कुणाला आत सोडत नसे, म्हणून तिचं नाव पडलं फौजदारीण. तिच्यासाठी गॅलरीत एक ट्रे ठेवला होता. त्यात घालायला कारागीरच शेजारच्या सुताराकडून पोतंभर भुसा आणायचा. म्हणजे कष्ट याचे, आणि प्रेम समोरच्याच्या खुर्चीवर.

"अहो, मुकं जनावर ते. त्याला काय कळतंय कोण कुठं बसतं ते!" बायको पुसता पुसता म्हणाली.

"सगळं कळतं तिला. तिला कुणीतरी शिकवलंय."

"कुणी?"

कारागिराने खिडकीतून रस्त्यापलीकडे बघितलं.

"तुमचं आपलं काहीतरीच," बायको म्हणाली आणि खुर्चीत जाऊन बसली.

मग उपाय सुरू झाले. कोपऱ्यावर लिंबाच्या साली पसरल्या. मांजरीने त्या पंजाने बाजूला सारल्या, व्यवस्थित जागा केली आणि आपलं काम केलं. व्हिनेगर शिंपडलं. दुसऱ्या दिवशी घरालगतच्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाने इकडेतिकडे हुंगून विचारलं, "इथं काही नासलंय का हो?" प्लास्टिकचा कागद अंथरला, तर कारागीरच त्यावरून घसरून खाली आला. फौजदारीण हिरव्या खुर्चीत बसून शांतपणे बघत होती.

शेवटी त्याने उलटा मार्ग धरला. सोफा वाचत नसेल तर निदान खुर्ची तरी बिघडावी! त्याने मांजरीला वाटीभर दूध जास्त पाजलं, उचलून खुर्चीवर ठेवलं आणि समोर उकिडवा बसून राहिला. तासभर ती गुरगुरत पडून राहिली. मग उठली, आळस दिला, खाली उतरली आणि उजव्या कोपऱ्याकडे चालू लागली.

"डॉक्टरांना दाखवू या," बायको म्हणाली.

जनावरांचे डॉक्टर पिकल्या मिशांचे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मांजरीचं पोट दाबून बघितलं, कान बघितले.

"तब्येत ठणठणीत आहे. नेहमी एकाच जागी करते?"

"माझ्या जागी," कारागीर म्हणाला. "दुसऱ्या कुणाच्या नाही. तिचं माझ्याशी वाकडं आहे, डॉक्टर."

"मांजरं तेवढा विचार करत नाहीत. त्यांना पायाखाली जे ओळखीचं लागतं, ओळखीचा वास येतो, तिथं ती जातात. तिच्या ट्रेमध्ये काय घालता?"

"लाकडाचा भुसा," बायको म्हणाली. "हेच आणतात."

"बरं. आणि सोफ्यात काय भरलंय?"

"काथ्या आहे!" कारागीर इतक्या जोरात म्हणाला, की टेबलावरची मांजर दचकली. "एक नंबरचा काथ्या. वर शेवरीचा कापूस. मी स्वतः भरलाय."

"ओरडताय कशाला?" बायको म्हणाली.

ओरडायला कारण होतं. तोंडातून 'काथ्या' शब्द बाहेर पडत असतानाच त्याला नऊ वर्षांपूर्वीची ती दुपार आठवली होती. लग्न चार दिवसांवर आलेलं. नव्या नवरीसाठी सोफा तयार व्हायलाच हवा. डावी बाजू भरून झाली, मधली झाली आणि काथ्या संपला. तेव्हा त्याने सुताराचा भुसा गोणपाटाच्या पिशवीत ठासला, वरून कापूस पसरला आणि टाके घालून टाकले. उद्या बदलू, म्हणाला. तो उद्याही आला नाही. दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून त्या कोपऱ्यात तो स्वतःच बसू लागला. मांडीखाली उजवीकडे काहीतरी टोचायचं. एवढा भुसा ठासलाय तर एखादी ढलपी असेल, असं म्हणून तो नऊ वर्षं किंचित डावीकडे कलून बसत आला होता.

आणि बायको सगळ्यांना सांगायची, "आमच्या ह्यांनी लग्नात मला सोफा दिला. आतून बाहेरून अस्सल!"

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली आणि कारागिराने सोफ्याचा कोपरा उसवला. काथ्या दुकानात होता, दुकान चार पावलांवर होतं. अर्ध्या तासात प्रकरण कायमचं मिटलं असतं. पण उठता उठता त्याची नजर हिरव्या खुर्चीवर गेली आणि त्याच्या मनात असा एक विचार आला, की त्याला स्वतःलाच गुदगुल्या झाल्या.

दोघांचा उस्ताद एक, त्यामुळे बैठकीचं मापही एकच. त्याने खुर्ची उसवली, समोरच्याची काथ्याची पिशवी उचलून सोफ्यात बसवली आणि आपली भुशाची पिशवी जशीच्या तशी, वासासकट, खुर्चीत कोंबली. समोरच्याला उस्तादासारखी पिशवीवर निळ्या शाईने तारीख घालायची खोड होती. ती बाजू त्याने खाली केली. समोरचा डावखुरा, म्हणून खुर्चीचे टाकेही त्याने डावीकडून घातले. सोफ्याच्या कोपऱ्याला नवं कापड लावलं. दुकानात गिऱ्हाइकासाठी इतकं मन लावून त्याने कित्येक वर्षांत काम केलं नव्हतं.

संध्याकाळी फौजदारीण खुर्चीवर चढली, हुंगलं, दोनदा खरवडलं आणि सावकाश बसली.

"अगंबाई! खुर्चीवर!" बायको किंचाळली.

"अरेरे," कारागीर म्हणाला. आवाजात दुःख आणायला त्याला फार कष्ट पडले. "पायाखाली ओळखीचं लागलं असेल. डॉक्टर म्हणाले नव्हते का? आता आत काय भरलंय ते देव जाणे. मी कुणाला नावं ठेवत नाही."

बायकोने एकदा खुर्चीकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघितलं. मग ती खिडकीत गेली आणि तिने हाक मारली, "भावजी, जरा येता का?"

नऊ वर्षांनी समोरच्याने उंबरा ओलांडला. फौजदारिणीने त्याच्या चपला हुंगल्या आणि त्याच्या पायाला अंग घासलं. कारागिराने दात आवळले.

समोरच्याने खाली बसून खुर्ची उसवली. पिशवी बाहेर ओढली, तसा कोपऱ्यातून भुसा भुरभुरला.

"भुसा?" बायको म्हणाली.

"भुसा!" कारागीर म्हणाला. "उस्तादांना काय वाटलं असतं!"

समोरच्याचा चेहरा पडला. त्याने पिशवी फिरवून फिरवून बघितली. "वहिनी, ही पिशवी माझी नाही. माझ्या पिशवीवर तारीख असते."

"आता असंच म्हणणार," कारागीर म्हणाला.

समोरच्याने रागाने पिशवी उलटी करून झटकली. भुशाचा ढीग पडला आणि ढिगावर काहीतरी जड, ठक्‌ करून आदळलं. कात्री होती. मुठीला लाल दोरा होता.



"बघ! बघितलंस!" कारागीर उडालाच. "नऊ वर्षं सांगतोय मी, ह्यानेच चोरली! आणि लपवली कुठं, तर तुझ्याच खुर्चीत! चोर तो चोर..."

"मी नाही रे," समोरचा पुटपुटला. बायकोने कात्री उचलली आणि लाल दोऱ्यावरून बोट फिरवलं. तिचे डोळे भरून आले होते. कारागिराला वाटलं, जिंकलो.

एवढ्यात फौजदारीण सोफ्यावर चढली. ती उजव्या कोपऱ्यात गेली. तिने हुंगलं, पंजांनी थोडं चेपलं, दोन गिरक्या घेतल्या आणि अंगाचं मुटकुळं करून झोपली.

"आता हिला तिथं झोप कशी आली?" बायको म्हणाली.

"दमली असेल," कारागीर म्हणाला.

बायकोने नव्या कापडाकडे बघितलं. मग मांजरीला अलगद उचलून तिने समोरच्याच्या हातात दिलं आणि त्याच कात्रीने कोपरा उसवला. नऊ वर्षं भुशात राहूनही कात्रीची धार कायम होती. पिशवी बाहेर आली. तिने ती उलटी केली. निळ्या शाईत, डावखुऱ्या अक्षरात, तारीख होती.

"बोला," बायको म्हणाली.

कारागीर बोलला. काथ्या संपल्यापासून सगळं बोलला. त्या दुपारच्या घाईत कात्री पिशवीतच राहिली असणार, हे त्याला बोलता बोलताच उमगलं. उजवीकडे काय टोचत होतं तेही उमगलं.

समोरच्याने मांजर खाली ठेवली. आता हा हात उगारणार, असं कारागिराला वाटलं. पण तो खाली बसला आणि पोट धरून हसू लागला. "नऊ वर्षं! अरे, नऊ वर्षं तू तिच्यावर बसला होतास!"

"चुकलं माझं," कारागीर खालमानेने म्हणाला.

"भावजी, चहा घेऊनच जायचं," बायको म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "आणि मला माझी खुर्ची हवी."

"उद्या..." तो म्हणाला. तिच्या हातातली कात्री त्याला दिसली. "आत्ता करतो."

तो दुकानातून काथ्या, नवी पिशवी आणि हिरवी मखमल घेऊन आला. काथ्या दोन किलो जास्तच आणला. समोरच्याने पिशवी धरली, त्याने भरली आणि टाके दोघांनी घातले, एकाने डावीकडून, एकाने उजवीकडून. खुर्ची तयार झाल्यावर तिघेही बाजूला सरून उभे राहिले. फौजदारीण आली. तिने चारी बाजूंनी तपास केला, वर चढली आणि झोपली.

"छान झालीय हो," बायको म्हणाली. नऊ वर्षांत कारागिराला कशाचा इतका आनंद झाला नव्हता.

समोरच्याची पिशवी परत आत घालून सोफाही शिवून झाला. चहाचा कप घेऊन कारागीर आपल्या उजव्या कोपऱ्यात टेकला. सवयीने डावीकडे कलला, मग आठवण होऊन सरळ बसला. काही टोचलं नाही. तो थोडा पुढे सरकला, थोडा मागे सरकला. पण बैठक काही जमेना.

समोरच्याने कपातून वर बघत विचारलं, "काय झालं रे?"

"काही नाही," कारागीर म्हणाला. "तुझ्या गादीत काहीतरी कमी आहे, हे मी पहिल्यापासून म्हणत होतो."